पोळ्याचा बॅकअप

त्या वर्षांत यवतमाळच्या बसस्टँडवर उतरणारा बाहेरचा माणूस बहुधा पत्रकार असे, नाहीतर कुठल्या तरी समितीचा सदस्य. तो कापसावर बोलायला आलेला असे आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याचं मत तयार झालेलं असे. या पाहुण्यांपैकी कुणी आमच्या इमारतीचा जिना चढून वर आलं नाही. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, कारण वर पाहण्यासारखं काही नव्हतं. एक मेनफ्रेम होती, म्हणजे जुन्या पद्धतीचा मोठा संगणक. दोन गोदरेज कपाटं शेजारी ठेवावीत एवढी, मुंबईतल्या एका कंपनीनं वापरून सोडलेली, आणि एका सहकारी संस्थेनं जिल्ह्यातल्या कापूस खरेदी केंद्रांच्या पावत्यांसाठी आणलेली.

मी त्याआधी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. ती आवृत्ती बंद पडली आणि मी या संगणक केंद्राची जाहिरात पाहून अर्ज केला. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला गेला, अहवाल लिहिता येतील का. येतील म्हटलं. त्यामुळे परफॉर्मन्स डेटाबेस माझ्याकडे आला, जो त्याआधी कुणाकडेच नव्हता.

हा प्रकार काय असतो हे आमच्या साहेबांनाही चार लोकांत नीट सांगता येत नसे. मशीन दिवसभर स्वतःबद्दल नोंदी ठेवत असतं. कुठलं काम कधी सुरू झालं, किती वेळ रांगेत थांबलं, प्रोसेसर किती गुंतला होता, कुठलं काम मधेच तुटलं. या कच्च्या नोंदी रोज एका टेपवर उतरवायच्या. मग त्या टेपवरून डेटाबेसमध्ये भरायच्या. तिथं त्यांचे रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे गोषवारे तयार होतात. आणि शेवटी त्या डेटाबेसची प्रत वेगळ्या टेपवर काढून ठेवायची, म्हणजे बॅकअप. भरताना काही बिघडलं तर कालची प्रत परत आणायची आणि आजच्या नोंदी पुन्हा भरायच्या. एवढंच शास्त्र. दवाखान्यात खाटेला तापाचा तक्ता अडकवलेला असतो तसा हा मशीनचा तक्ता होता. फक्त तो वाचायला डॉक्टर येत नसे.

एवढ्याशा कामाचं वेळापत्रक मात्र मला कधीही जमलं नाही. ते वीज कंपनीच्या हाती होतं. भारनियमनाची कोष्टकं माझ्याच जुन्या पेपरात छापून येत आणि मी ती कापून मशीनला आज्ञा द्यायच्या कन्सोलशेजारी चिकटवत असे. कोष्टकाप्रमाणे वीज जात असे, त्याशिवायही जात असे. यूपीएसच्या बॅटऱ्या मशीनइतक्याच जुन्या होत्या. खालच्या वॉचमननं जनरेटरला हँडल मारेपर्यंत त्या मान टाकत. पावत्यांची कामं अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून चालवता येत. डेटाबेसचं तसं नव्हतं. भरणं मधेच तुटलं की आत अर्ध्या नोंदी नव्या आणि अर्धे गोषवारे जुने राहत, आणि एखाद्या लेखात शेवटचा परिच्छेद दुसऱ्याच बातमीचा लागावा तशी त्याची अवस्था होई. मी वेळापत्रक बदलायचो, मुख्य कार्यालयाला अधिक बॅटऱ्या आणि अधिक टेप मागायचो. मुख्य कार्यालय नागपूरला होतं. तिथून उत्तर येई की मागणी विहित नमुन्यात नाही. बॅकअपसाठी आमच्याकडे चार टेप होत्या. त्याच फिरवून वापरायच्या. नवी प्रत निघाली की सगळ्यात जुनी पुसली जाई.

मशीन प्रत्यक्ष चालवायच्या त्या सीनियर ऑपरेटर. त्यांना सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. माहेर बोरी अरबच्या बाजूचं, डिप्लोमा अमरावतीचा. नवरा कळंबच्या पुढच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. घरी सासूबाई लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी त्यांचं सगळं आवरून ताई येत, दुपारी घरी चक्कर मारून परत येत, आणि संध्याकाळी नवरा बसनं येईपर्यंत शेजारीण लक्ष ठेवी. हे घर ताईंच्या यवतमाळात असण्यावर उभं होतं, हे त्या स्वतःच सांगत, काही तक्रार म्हणून नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात नागपूरहून पत्र आलं. जिल्ह्यात कापूस कमी झाला आहे, सबब मशीनला पुरेसं काम नसावं, सबब मशीन नागपूरला हलवावं किंवा कसं याचा निर्णय घेण्यासाठी गणपती झाल्यावर समिती येईल. मशीन हललं तर ऑपरेटर मशीनबरोबर जातील.

ताईंनी ते पत्र उभ्यानंच वाचलं आणि मला परत दिलं. "मशीन गेलं तं मी बी गेली समजा, भाऊ. पन नागपूरले नाई. घरी."

गंमत अशी की पत्रातला तर्क चुकीचा होता आणि तसं दाखवणारी गोष्ट आमच्याकडे होती. कापूस कमी झाला हे खरं. पण तो जसा कमी झाला तसं मशीनचं काम वाढलं. प्रत्येक नव्या मदतीच्या घोषणेबरोबर पात्र लोकांच्या याद्या निघत, मग दुरुस्त याद्या, मग दुरुस्तीतून वगळलेल्यांच्या याद्या, आणि दर वेळी जुन्या पावत्या पहिल्यापासून चाळाव्या लागत. चांगल्या हंगामात मशीन दुपारी रिकामं बसे. वाईट हंगामात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. ही गोष्ट जिल्ह्यात फिरणाऱ्या कुठल्याही पत्रकाराला ठाऊक नव्हती. परफॉर्मन्स डेटाबेसमध्ये ती महिनावार होती. ताईंची नोकरी वाचवू शकेल असा दुसरा कुठलाही पुरावा जगात नव्हता.

आता पोळ्याबद्दल सांगायला हवं.

आमचे सगळे ऑपरेटर शेतकऱ्यांच्या घरचे. मशीन आलं त्याच वर्षी त्यांनी ठरवून टाकलं होतं की पोळ्याच्या दिवशी ते जुंपायचं नाही. आदल्या दिवशी गावात बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना आमंत्रण देतात, इथं कुणीतरी मशीनच्या कपाटावर हात ठेवून म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी कपाटाला आंब्याच्या पानांचं तोरण, हळदकुंकू, समोर पुरणपोळी. पावत्या बंद, याद्या बंद, डेटाबेस भरणं बंद. त्यानंतरच्या दिवशी मुलांचे लाकडी बैल निघतात, त्या तान्ह्या पोळ्यालाही तेच. केंद्राला सुट्टी नसे, लोक हजर असत, सह्या करत, आणि मशीन एअरकंडिशनरच्या हवेत निवांत उभं असे. साहेब पहिल्या वर्षी रागावले, दुसऱ्या वर्षी नारळ त्यांनीच फोडला.

फक्त बॅकअप चालू राही. त्यामागचा विचार मला ताईंनी एकदा समजावून सांगितला होता. नोंदी भरणं हे काम, ते बैलाला करायला लावायचं नाही. बॅकअप हे काम नाही, ते चारापाणी. सणाच्या दिवशी जनावर जुंपत नाहीत म्हणून काय त्याला उपाशी ठेवायचं. आजवर यानं काही बिघडलं नव्हतं. न बदललेल्या डेटाबेसची आणखी एक प्रत निघे, आणि चांगल्याच्या दोन प्रती झाल्या तरी नुकसान काही नसतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी साहेब आणि मी नागपूरला गेलो. समिती येण्याआधी मुख्य कार्यालयात आपली बाजू मांडावी असा साहेबांचा विचार होता. तिथं आम्हाला बरेच दिवस बाकावर बसवून ठेवलं गेलं. आमच्याकडे हंगामाच्या अचूक नोंदी आहेत आणि त्या काटेकोर जपलेल्या आहेत, असं मी तिथं तीन वेगवेगळ्या टेबलांना सांगितलं.

आम्ही निघालो त्याच दुपारी यवतमाळात नोंदी भरत असताना वीज गेली आणि डेटाबेस अर्धवट राहिला. अशा वेळी मशीनमधलं कामांचं शेड्युल आपोआप पुढचा बॅकअप अडवतं, तसा त्यानं अडवला. ताईंनी फोन केला. मी सांगितलं की मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका, चांगल्या प्रती चार टेपांवर आहेत, आल्यावर पाहू. त्यांनी हात लावला नाही. भरण्याचं काम त्यांनी बंदच ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी पोळा होता. शेड्युलनं अडवलेला बॅकअप त्यांनी कन्सोलवरून स्वतः आज्ञा देऊन चालवला. तान्ह्या पोळ्याला चालवला. तिसऱ्या दिवशी रविवार होता, तरी घरून येऊन चालवला. मग हरतालिका, मग गणेश चतुर्थी. डेटाबेस आजारी आहे तर त्याची रोज एक प्रत असलेली बरी, असा त्यात आणखी एक विचार मिसळला होता.

मी परत आलो तेव्हा केंद्रात मोदकांचा डबा फिरत होता. ताईंनी मला आश्वासक स्वरात सांगितलं, "टेन्शन नका घेऊ. एकही दिवस खाली नाई सोडला. रोज कॉपी काढून ठेवली."

मी विचारलं, कोणत्या टेपवर.

"आहे त्याच. आपल्या चारच तं आहेत."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग टेपांच्या रॅककडे, आणि खुर्ची ओढून बसल्या. सांगायची गरज उरली नव्हती. अर्धवट डेटाबेसच्या चार प्रती आमच्याकडे होत्या, एकीपेक्षा एक ताज्या, आणि चांगली एकही नव्हती. डब्यात मोदक होता तो मी घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

मग त्या म्हणाल्या, "उपाशी कसं ठेवू, भाऊ? सनाच्या दिवशी?"

मी नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. मशीनची देखभाल करणाऱ्या कंपनीचा हा माणूस दुसऱ्या दिवशी जीपनं आला, चारही टेप एकामागून एक चढवून पाहिल्या, चहा घेतला आणि काही प्रॉब्लेम नाही म्हणाला. टेपांना खरंच काही प्रॉब्लेम नव्हता. बिघडलेला डेटाबेस त्यांच्यावर एकही चूक न होता उतरला होता. चारही टेप उत्तम स्थितीत असल्याचं त्यानं लेखी दिलं आणि साहेबांनी ते फाईलला लावलं.

मग साहेबांनी मला आणि ताईंना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. गेल्या वर्षीचे छापील गोषवारे कुठं तरी असतील. त्यातले आकडे घ्यावेत, थोडे वाढवावेत, हंगामाचा तक्ता तयार करावा. काम वाढलं हे तर आपल्याला माहीतच आहे, मग आपण खोटं काय बोलतो आहोत. समितीला यातलं काय कळतं.

ताई लगेच तयार झाल्या. मी नाही म्हटलं. अहवालावर माझी सही असणार होती आणि जे मोजलेलं नाही ते मोजलं म्हणून लिहायचं नाही, ही एक सवय डेस्कवर लागलेली होती. साहेब म्हणाले की तुम्ही पेपरवाले लोक फार ताणता. मी म्हटलं की तक्त्यात मोकळी जागा सोडू आणि खाली कारण लिहू. साहेबांनी विचारलं, काय कारण लिहिणार, पोळा? यावर मला हसू आलं नाही.

ताई माझ्याकडे वळल्या. त्या एरवी माझ्याशी बोलताना आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"तुमचं बरं आहे. तुमच्या खऱ्याले कोनी नागपूरले नाई पाठवत. माह्या घरी एक बाई पडून आहे, तिले पानी कोन पाजन, तुमचा तक्ता?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि तरी मी सही करणार नव्हतो. केबिनमधला पंखा बंद पडला, म्हणजे वीज गेली होती. त्या अर्ध्या अंधारात साहेबांनाच आठवलं की फार पूर्वी नागपूरहून एक नियम आला होता: दर महिनाअखेरची एक प्रत केंद्राबाहेर, दुसऱ्या गावी ठेवावी. आम्ही तो निमूटपणे पाळत होतो. महिना संपला की नागपूरहून त्यासाठीच येणारी वेगळी टेप भरून, खोक्यात घालून एसटीच्या पार्सलनं पुसदच्या आमच्या शाखेत जाई. परत कधी कुणी ती मागितली नव्हती. गेल्या महिनाअखेरची प्रत हाती आली तर अख्खा हंगाम त्यात असणार होता, आणि त्यानंतरच्या रोजच्या कच्च्या नोंदी वेगळ्या टेपांवर होत्याच, त्या महिनाभर पुसत नसू; त्या एकेक दिवस करून पुन्हा भरता आल्या असत्या.

पुसदला फोन केला. तिथले बाबू म्हणाले, "आहेत जी. एकदम नीट ठेवल्या आहेत."

नीट म्हणजे कुठं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

पुसदला ताई आणि मी एसटीनं गेलो. दारव्हा, दिग्रस करत गाडी पोचली. शाखेच्या दारातच अगरबत्तीचा वास आला. आत कोपऱ्यात कार्यालयाचा गणपती बसलेला होता. थर्माकोलचं मखर, लुकलुकणारी माळ, आणि मूर्तीखाली लाल साटीन घातलेल्या पायऱ्या. बाबूंनी आम्हाला पाणी दिलं, प्रसाद दिला, आणि टेप कुठं आहेत विचारल्यावर मान वळवून तिकडेच पाहिलं.

"बाप्पाच्या खालीच तं आहेत. असे सारख्या साइजचे डबे दुसरे भेटत नाई जी. दरसाल त्याच्याच पायऱ्या करतो."

साटीनचं टोक त्यांनी उचलून दाखवलं. खोकी खरोखरच नीट लावलेली होती. जुनी तळाला, त्यावर त्याहून नवी, अशी क्रमानं. सगळ्यात ताजं खोकं सगळ्यात वर होतं आणि त्यावरच्या पाटावर गणपती बसला होता.

मी म्हटलं की मूर्ती दोन मिनिटं बाजूला घेऊ. बाबू दचकले. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की विसर्जनापर्यंत मूर्ती हलवत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. विसर्जन अनंत चतुर्दशीला आणि समिती लगेच नंतरच्या सोमवारी. मधे पुन्हा भरायला वेळच उरत नव्हता. मी साहेबांच्या सहीचं पत्र काढलं.

"लेटर बाप्पाले दाखवा," बाबू म्हणाले. "माह्याकडून हो आहे. तुमी शिकली सवरली मानसं, तुमाले मी कायले सांगू."

शाखेतले दोघे-तिघे जमले. कुणी म्हणालं पाचव्या दिवशी विसर्जन करून टाकू. कुणी म्हणालं तसा नवस बोलावा लागतो. एक चर्चा सुरू झाली जी, माझ्या अनुभवाप्रमाणे, सूर्य मावळेपर्यंत चालली असती. तेवढ्यात ताईंनी चपला काढल्या, मखराच्या मागे जाऊन बघून आल्या आणि बाबूंना विचारलं की विटा आहेत का. पाट खोक्यापेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद होता. बाहेर आलेल्या त्या दोन कडांखाली विटा रचून नेमकी उंची साधली तर पाट जागच्या जागी राहणार होता, आणि मधलं खोकं सरकवून काढता येणार होतं. मूर्ती हलवायचीच नव्हती.

मागच्या भिंतीचं काम चालू होतं, विटा तिथून आल्या. उंची बरोबर येईना म्हणून वर जुन्या परिपत्रकांचे गठ्ठे लावले. पुसद शाखेत परिपत्रकांचा तुटवडा नव्हता. बाबूंनी दोन्ही हात मूर्तीभोवती धरले, हलवायला नाही, नुसते. ताई स्टुलावर बसून खोकं बोटाबोटानं ओढू लागल्या.

"हलला का?"

"नाई."

"पाहा बरं नीट."

"अजी नाई हलला म्हन्तो ना. तुमी वढा. माहे हात भरून आले."

"हळदीनं चिकटलं आहे खालून."

"मंग बाप्पाले म्हना सोड म्हनून. मले काय म्हन्ता?"

खोकं सुटलं. पाट होता तिथंच राहिला. एक दूर्वांची जुडी खाली पडली तेवढीच. बाबूंनी हात काढले, मूर्तीकडे निरखून पाहिलं आणि रिकाम्या जागेत आणखी परिपत्रकं भरली. मग ते म्हणाले की आलाच आहात तर आरती करून जा. शेवटची सोयीची गाडी आरतीत गेली. आम्ही दिग्रसपर्यंत एका मालट्रकच्या केबिनमध्ये बसून आलो. ताईंनी खोकं मांडीवर धरलं होतं आणि ट्रकवाला विचारत होता की आत मूर्ती आहे का.

ती टेप मशीननं नीट वाचली. त्याचं मला अजूनही थोडं आश्चर्य वाटतं.

पुढचे दिवस मी कुणाला सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. महिनाअखेरचा डेटाबेस जागेवर आणला. मग पहिल्या तारखेच्या नोंदी भरल्या, बेरजा तपासल्या, प्रत काढली. दुसऱ्या तारखेच्या भरल्या, तपासल्या, प्रत काढली. मधला एकही दिवस सोडून चालत नाही, कारण आठवड्याचा गोषवारा दिवसांवर उभा असतो आणि महिन्याचा आठवड्यांवर. वीज गेली की आदल्या प्रतीवर परत. एका दुपारी एकाच दिवसाच्या नोंदी आम्ही इतक्या वेळा भरल्या की तो दिवस मला पाठ झाला. काही विशेष घडलेलं नव्हतं त्या दिवशी. खालच्या चौकात सार्वजनिक गणपतीचा लाउडस्पीकर चालू असे, म्हणजे त्यांच्याकडे वीज कुठून तरी येत होती. ताईंनी आता टेपांच्या बाबतीत कुणाचं ऐकेनासं केलं होतं. बेरजा जुळल्याचं त्यांनी स्वतः पाहिल्याशिवाय जुन्या प्रतीवर नवी चढत नसे. इंजिनिअरनं फोनवर सुचवलेला एक जवळचा रस्ता त्यांनी ऐकून घेतला, हो म्हटलं आणि वापरला नाही. घरची दुपारची चक्कर त्या आठवड्यात शेजारणीवर सोपवली होती. समिती यायच्या आधीच्या शुक्रवारी डेटाबेस पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत येऊन पोचला.

अहवाल मी लिहिला. तक्ता स्वच्छ होता. कापूस उतरत गेला आणि मशीनचं काम चढत गेलं, महिन्यामागून महिना. ताईंनी छापील प्रत दोनदा वाचली आणि सांगितलं की हे तं कोनालेही दिसते.

समितीच्या प्रमुखांनाही दिसलं. ते शांत, नीटनेटके गृहस्थ होते आणि त्यांनी अहवाल खरोखर वाचला, हे मी नोंदवून ठेवतो. मशीन रिकामं नाही हे त्यांनी पहिल्याच पानावर मान्य केलं. मग त्यांनी शेवटचं पान उघडलं. वीज जाण्यानं किती कामं तुटली आणि किती पुन्हा चालवावी लागली, हेही त्या डेटाबेसमध्ये होतं, आणि मी काहीच गाळत नसल्यामुळे अहवालातही होतं.

"म्हणजे मशीनला काम भरपूर आहे आणि इथं वीज नाही," ते म्हणाले.

त्यांच्या वाक्यात मला दोष काढता आला नाही. नागपूरला वीज होती.

साहेबांना वाटलं की बाजू सावरावी. त्यांनी केंद्राच्या कर्तबगारीचं उदाहरण म्हणून डेटाबेस परत उभा केल्याची सगळी कथा सांगितली. पुसद, विटा, एकेक दिवस पुन्हा भरणं, आणि हे सगळं कुणी केलं ते. प्रमुखांनी ताईंकडे पाहिलं आणि आपल्या कागदावर काही लिहिलं. ताई संकोचानं हसल्या.

दिवाळीनंतर आदेश आला. मशीन नागपूरला. इतर ऑपरेटरांना मशीनबरोबर नेण्याची गरज नाही, तिथं माणसं आहेत. त्यांना यवतमाळच्याच कार्यालयात लिपिक म्हणून सामावून घ्यावं. बिघडलेला डेटाबेस पूर्ववत करण्याचा अनुभव असलेल्या सीनियर ऑपरेटर मात्र बढतीसह नागपूरला रुजू होतील. अहवाल लिहिणाराही जाईल.

ज्यांनी आयुष्यात एकही टेप परत आणली नव्हती ते सगळे राहिले. ताई तेवढ्या जाणार होत्या. हा आदेश मी साहेबांच्या टेबलावर तीनदा वाचला, कारण काही वाक्यं इतकी तर्कशुद्ध असतात की त्यांच्यावर चिडायला जागाच सापडत नाही.

ताईंनी त्याच दिवशी अर्ज दिला. बढती नको, ऑपरेटरचं पदही नको, इतरांसारखं लिपिक करून यवतमाळात ठेवावं. साहेब म्हणाले, पागलपणा करू नका ताई, असं पुन्हा मिळणार नाही. एवढं शिकून काउंटरवर बसणार आहात का.

"मले मालूम आहे जी," त्या म्हणाल्या. "सही करून पुढे पाठवा."

अर्ज नागपूरला अडकला, परत आला, विहित नमुन्यात पुन्हा गेला, आणि शेवटी मंजूर झाला. मशीन काढायला खिडकीची भिंत फोडावी लागली. दोराला बांधून ते खाली उतरवत होते तेव्हा रस्त्यावर बरीच गर्दी जमली होती. ताई तळमजल्यावर पावती दुरुस्तीच्या काउंटरवर बसल्या होत्या. त्यांच्यासमोरही रांग होती, त्यामुळे त्या बाहेर आल्या नाहीत.

नागपूरला वीज होती आणि डेटाबेस तिथंही बिघडला. तिथल्या माणसांनी केलेल्या प्रती पाहून कुठली खरी ते मला ठरवता येईना. यवतमाळच्या काउंटरवर फोन करणारा मीच असे. पहिल्यांदा ताईंनी सगळं विचारून घेतलं आणि कुठून सुरुवात करायची ते सांगितलं. दुसऱ्यांदाही सांगितलं. तिसऱ्यांदा मी फोन केला तेव्हा मागून लोकांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी आपली पावती पुढे करत नाव सांगत होतं.

"भाऊ, आता लाइन आहे," त्या म्हणाल्या. "दुपारून करा."